पावसाच्या अंदाजाने वगळलेला जावई

महानगर, लखनौ
बुधवार, श्रावण संपता संपता

ती. सौ. अरुणाअक्काच्या पायांशी,

धाकट्या हरीचा लखनौहून वाकून नमस्कार. (वाकूनच आहे. सोमवारपासून पाठ सरळ होत नाही. कारण पुढे येईल, तोवर तू सुंठीचा लेप वगैरे सुचवू नकोस, सगळं लावून झालं.) तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊसाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं. त्यांना म्हणावं, पट्टी निघाली म्हणून लगेच पेपर हातात घेऊ नका, आणि घेतलाच तर हवामानाचा चौकोन तेवढा सोडून वाचा. माणसाचं वाटोळं करायला तेवढा चौकोन पुरतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची आपल्यात रीत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर खुशाल कोणीच नाही. मला झोप नाही, हिला माझ्याशी बोलायला वेळ नाही, आणि देविका माझ्याशी फक्त हिंदीत बोलते, तेही ‘जी’ लावून.

वासंतीबाईंचं पत्र तुला माझ्या आधी पोचलं असेल तर हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय माझ्याबद्दल काही मत करून घेऊ नकोस. आणि पोचलं नसेल तर खाली बस, पाणी पी, मग पुढे वाच. देविकाचं लग्न मोडायच्या बेतात आहे. तू स्वतः आणलेलं स्थळ, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, वासंतीबाईंचा मुलगा सुजय, टेलिफोन खात्यात इंजिनिअर, दिसायला नीटस, वागायला नम्र, आणि मुख्य म्हणजे लखनौमधलाच, म्हणजे मुलगी नजरेसमोर राहणार. बघण्याचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, दोघांनी एकमेकांना पसंत केलं. (देविका नुसतं ‘ठीक हैं’ म्हणाली, पण ते अशा सुरात म्हणाली की हिने लगेच शिरा केला.) राहिली होती ती फक्त घरी बसून बोलणी. तीही गेल्या रविवारी संध्याकाळी व्हायची होती. ती झाली नाहीत, आणि ती न होण्याला कारण मी, फुटबॉल आणि पाऊस, असा क्रम आहे. पाऊस शेवटी, कारण तो आलाच नाही.

आता फुटबॉलचं सांगतो. इथे आपल्या महाराष्ट्र मंडळात हणमंतराव म्हणून एअरफोर्समधले स्क्वाड्रन लीडर आहेत, मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापूरचे म्हटल्यावर फुटबॉलचं वेगळं सांगायला नको. आपण सांगलीत इतक्या जवळ राहून आपल्याला ती लागण कशी झाली नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. तर हे हणमंतराव कसल्याशा कोर्सला विलायतेला गेले आणि येताना सगळे आणतात तसं चॉकलेट-साबण न आणता एक खूळ घेऊन आले. तिकडे म्हणे लोक बॉलला पाय न लावता फुटबॉल खेळतात. खऱ्या खेळाडूंतून आपल्याला हवे ते निवडायचे, कागदावर आपली टीम करायची, आणि मैदानावर त्या खेळाडूंनी जे दिवे लावले असतील त्याचे गुण आपल्याला. गोल केला की गुण, गोल करायला मदत केली की गुण, गोल अडवला की गुण, आणि धडपडला किंवा धसमुसळेपणा केला की वजा. इथे महानगरच्या मैदानावर दर पावसाळ्यात सरकारी कचेऱ्यांच्या टीम रविवारी आपसात खेळतात: रेल्वे, टेलिफोन, एअरफोर्स आणि हिशेबवाले. मंडळाने त्यांच्यावरच हे सुरू केलं. एका घराची एक टीम, पाच खेळाडूंची. शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं हणमंतरावांकडे द्यायची, आणि रविवारी सामना सुरू होण्याआधी ते भोंग्यावरून सगळ्या घरांची नावं मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको. शेजारचे लखनौवाले याला ‘ख़याली फुटबॉल’ म्हणतात आणि हसतात. पहिल्या रविवारी मीही हसलो होतो.

दुसऱ्या रविवारी मी सर्वांत वर होतो. अक्का, तुला मी फुशारकी मारतोय असं वाटेल, पण यात माझी हुशारी नव्हती, शिस्त होती. माझा उभा जन्म रेल्वेत रुळांवर पाणी चढेल का आणि खडी वाहून जाईल का हे बघण्यात गेला. बाकीची घरं खेळाडू निवडताना तो कोणाचा भाचा आहे, दिसतो कसा, गेल्या वेळी त्याने किती पळापळ केली असलं बघत होती. मी आभाळ बघितलं. हे मैदान सखल आहे. एक सर आली की पलीकडच्या गोलापाशी तळं होतं, आणि तिथे चपळ माणसाचा काही उपयोग नसतो. म्हणून मी प्रत्येक खेळाडूची कोरड्यातली, ओल्यातली आणि चिखलातली चाल वेगळी टिपून ठेवली. शनिवारी तीन ठिकाणचा अंदाज घ्यायचा, सकाळचा पेपर, दुपारचा रेडिओ आणि बातम्यांनंतरचा टीव्ही (तो पांढरे ढग दाखवणारा नकाशा असतो ना, तो), आणि तिघांत दोघांचं जे मत पडेल त्याप्रमाणे टीम करायची. पाऊस नसेल तर हलकी माणसं, पाऊस असेल तर भारदस्त. आमच्या रेल्वेत एक तिवारी आहेत, बॅकला खेळतात, वजनाने चांगले दणकट. चिखलात ते म्हशीसारखे रुतून उभे राहतात आणि बॉल आपणहून त्यांच्यापाशी येऊन थांबतो. ओल्या रविवारी त्यांनी मला इतके गुण दिले की हणमंतरावांनी मला विचारलं, तुमचं कोणी कोल्हापुरात होतं का.

आणि सुजय? कोरड्या मैदानावर हा मुलगा बॉल घेऊन कडेने निघाला की मी हातातले शेंगदाणे खायचे विसरत असे. काय तो वेग, काय ते वळणं. पण जमीन ओली असली की तेच पाय त्याला दगा देतात. मधे एका पावसाळी सामन्यात तो अर्धा वेळ चिखलात बसलेला आणि उरलेला वेळ उठण्यात होता. त्या रविवारी मी त्याला वगळलं होतं, आणि कोणीही काही म्हणालं नव्हतं, कारण तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं आणि तो नुसता सुजय होता. त्याचे वडील श्रीपादराव मात्र पाऊस असो, ऊन असो, दर वेळी सुजयचं नाव पहिलं लिहितात. त्यामुळे ते गुणांत सर्वांच्या खाली आहेत. भला माणूस आहे, कधी कुरकुर करत नाही. वासंतीबाई शेजारीच बसलेल्या असतात.

तर गेला शनिवार. सकाळी पेपर उघडला, भारी वर्षा. दुपारी रेडिओ लावला, गरज-चमक के साथ कहीं-कहीं भारी वर्षा. टीव्हीवरच्या नकाशात तर अख्खं लखनौ कापसाखाली गाडलेलं. तिघांचं एकमत याआधी कधीच झालं नव्हतं. मी आनंदाने तिवारींचं नाव लिहिलं, आणखी तिघे वजनदार लिहिले, आणि पाचव्या नावापाशी माझा हात अडखळला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वासंतीबाई आणि श्रीपादराव बोलणी करायला घरी येणार होते. हिने काय चाललंय ते ओट्यापाशी उभ्या उभ्या ओळखलं आणि म्हणाली की पाऊस आज येईल उद्या जाईल, जावई जन्माचा आहे, मुकाट्याने त्याचं नाव लिहा. मी म्हणालो, ही भावना झाली. देविकाने आतून विचारलं, ‘पापा, आप सीरियस हैं?’ मी सीरियस होतो.

अक्का, माझी बाजू समजून घे. मी सुजयला घेतलं असतं तर कशासाठी? तो माझा जावई होणार म्हणून. म्हणजे वशिला. नोकरीत मी दिवाळीला ठेकेदारांचे मिठाईचे डबे परत पाठवले (हिने अजून त्याबद्दल मला माफ केलेलं नाही), साल्याच्या मुलाला खात्यात चिकटवलं नाही, आणि आता रिटायर व्हायला आल्यावर फुटबॉलमध्ये वशिला करू? आणि चिखलात घसरणार हे ठाऊक असलेल्या पोराचं नाव द्यायचं म्हणजे त्याच्या गुणांवरून नव्हे, त्याच्या आईच्या रागाला भिऊन नाव देणं. उलट मी त्याला वगळलं तर त्याला कळेल की सासरा निःपक्षपाती आहे, आणि आयुष्यात कधीतरी मी त्याची स्तुती केलीच तर ती खरी आहे. हे सगळं मला त्या वेळी फार उदात्त वाटत होतं. तरी मी नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. गच्चीवर जाऊन आभाळ पाहिलं, ते काळंकुट्ट होतं. तेव्हा मात्र मी पक्कं केलं आणि कागद घेऊन हणमंतरावांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पक्कं?’ मी पक्कं म्हणालो. फौजी माणूस, दुसऱ्यांदा विचारत नाही.

रविवारी सकाळी डोळ्यांवर ऊन आलं म्हणून जाग आली. मी पडदा सारून बघितलं आणि परत सारला. आभाळ कसं, तर धुऊन वाळत घातल्यासारखं. हिने चहा आणून ठेवला आणि जाता जाता पडदा पुरता उघडला. तरी आशा सोडली नाही. श्रावणातलं ऊन आहे, बदलायला कितीसा वेळ. छत्री घेतली. (मैदानावर छत्री नेणारा मी एकटाच होतो.) वासंतीबाई पुढच्या खुर्चीत, नव्या साडीत, मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा. मला बघून इतक्या प्रेमाने म्हणाल्या, ‘या, व्याही,’ आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून जागा करून दिली. तिथे बसावं लागलं. हणमंतरावांनी भोंगा सुरू केला. एकेका घराची नावं वाचत होते, आणि अक्का, काय सांगू, त्या दिवशी ज्याने त्याने सुजयला घेतलेलं. ऊन बघून नव्हे, टीम शनिवारीच दिलेल्या. पण आता मंडळाचा जावई म्हणून सगळ्यांनी प्रेमाने घेतलेलं. प्रत्येक वेळी त्याचं नाव आलं की वासंतीबाई मान डोलावत होत्या. उठून हणमंतरावांकडे जावं, त्यांच्या पाया पडून कागद मागून घ्यावा असं वाटलं. मग ते म्हणाले, हरिहर परिवार. एक नाव, दोन, तीन, चार. पाचवं वाचलं. वासंतीबाई अजून हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. हणमंतराव बहुधा दयेपोटी म्हणाले, ‘बस, पाचच.’

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मी ऐकला. वासंतीबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर बघत होत्या. सुजय मैदानात वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. भोंगा त्यालाही ऐकू गेला असणार. त्याने मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं आणि अगदी अदबीने हसला. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. मागे उभी असलेली देविका तिथून निघून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी वासंतीबाईंना समजावायचा प्रयत्न केला. म्हणालो, यात व्यक्तिगत काही नाही, ही हवामानाची बाब आहे. त्या म्हणाल्या, ‘पाचांत धरण्याएवढासुद्धा नाही का हो तो?’

मग सामना. टेलिफोनविरुद्ध आमची रेल्वे. दक्षिणेकडे, चारबागच्या बाजूला, आभाळ काळं दिसत होतं, आणि मी बॉलपेक्षा तिकडेच जास्त बघत होतो. (नंतर कळलं, चारबागला त्याच वेळी धो धो पडला, स्टेशनसमोर रिक्षांच्या सीटपर्यंत पाणी आलं, कुलींनी लोकांना उचलून नेलं. अंदाज बरोबर होता. ‘कहीं-कहीं’ म्हणाले होते, आणि ते ‘कहीं’ म्हणजे माझं मैदान हे मी मनानेच ठरवून टाकलं होतं. एवढी वर्षं रेल्वेत काढून मी कुठे पाऊस पडणार हे न विचारता गाडी सोडली.) इकडे मैदान खडखडीत. तिवारी बिचारे उन्हात कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे, आणि त्यांच्या शेजारून सुजय येतोय आणि जातोय. त्याने तीन गोल केले. तीन. माझे भारदस्त गडी त्याच्या मागून धावता धावता एकमेकांना आडवे आले आणि वजा गुण घेऊन बसले. मी खुर्चीत दगडासारखा बसून होतो. हललो नाही, बोललो नाही, कशाला उरलोय असं वाटत होतं. सामना संपल्यावर वासंतीबाई डबा न उघडता निघून गेल्या, आणि श्रीपादराव जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

संध्याकाळी घरात चिरोटे तयार, शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या मांडलेल्या, देविका निळ्या साडीत. कोणी आलं नाही. मी दर स्कूटरच्या आवाजाला खिडकीपाशी जात होतो. मग फोन वाजला, तो हिने घेतला आणि स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढून नेऊन दार लोटून घेतलं. बराच वेळ बोलणं चाललं. बाहेर आली ती एवढंच म्हणाली, ‘त्यांना विचार करायला वेळ हवाय.’ चेहरा एवढा कोरा मी हिचा कधी पाहिला नव्हता. देविका साडी बदलायला आत गेली. मी दाराबाहेरून हाक मारली तेव्हा उत्तर आलं, ‘जी, कहिए.’ लहानपणी हीच पोर मला ‘बाबा, पाऊस आला’ म्हणून ऑफिसात फोन करायची. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी खुर्च्या परत द्यायला निघालो.

सोमवारी रजा टाकली आणि स्कूटरने जानकीपुरम गाठलं. (गाठलं म्हणजे निम्मं स्कूटरने, निम्मं पायी. सोमवारी पाऊस आला. आदल्या दिवशी बोलावलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी उगवतो तसा आला, आणि त्या नव्या वसाहतीत रस्ते अजून कागदावरच आहेत. चिखलात रुतलेली स्कूटर ढकलताना पाठीत जी चमक भरली ती हीच, पत्राच्या आरंभीची.) दार वासंतीबाईंनी उघडलं. मी पायांपासून केसांपर्यंत चिखलाने माखलेला, हातात पेढ्यांचा पुडा, तोही भिजलेला. त्यांनी टॉवेल दिला, चहा दिला, चहाबरोबर काहीही दिलं नाही. श्रीपादराव पेपरमागे होते. पेपर हलत होता, पण माणूस बाहेर आला नाही. सुजय ऑफिसला गेलेला. मी सगळं बोललो: चूक झाली, मुलगा हिरा आहे, माझी अक्कल चरायला गेली होती, शिक्षा मला करा, पण माझ्या पोरीला करू नका. वासंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या की पुढच्याच्या पुढच्या रविवारी अंतिम सामना आहे, टेलिफोन त्यात आहे. त्या दिवशी तुमच्या टीमचं पहिलं नाव सुजय, पाऊस असला तरी, गारा असल्या तरी. ते भोंग्यावरून ऐकलं की मग बोलण्यांचं बघू. मी तिथेच शब्द दिला.

तर अशी परिस्थिती आहे. अजून दीड आठवडा काढायचा आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे. तोवर त्यांचं मन बदललं तर? त्या दिवशी पाऊस पडला, सुजय घसरला आणि माझ्या टीममध्ये होता म्हणून घसरला असं त्यांनी घेतलं तर? देविका ‘जी’च्या पुढे जात नाही. त्या मुलावर तिचा जीव जडलाय हे मला दिसतं, आणि मी तो माझ्या हाताने, पेन्सिलीने, खोडला हेही मला दिसतं. अक्का, तू वासंतीबाईंची बालमैत्रीण. त्यांना चार ओळी लिही. लिही की हरी लहानपणापासूनच असा आहे, मनाने वाईट नाही, शिस्तीने वाईट आहे. तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. मी वर्तमानपत्रातला हवामानाचा भाग न वाचता कापून टाकतो, रेडिओ हिच्या ताब्यात दिला आहे, टीव्हीवर नकाशा आला की मी उठून व्हरांड्यात जातो. मुलीच्या संसारापुढे मला पाऊस काय आणि फुटबॉल काय.

भाऊसाहेबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला सांभाळ. पाठीमुळे आणखी बसवत नाही म्हणून थांबतो.

तुझाच, कितीही रागावलीस तरी तुझाच,
हरी

ता. क. चिरोट्यांचं काय झालं असं तू विचारशील. मी खाल्ले. घरात दुसरं कोणी हात लावत नव्हतं आणि वाया जाणं बरं नाही.

ता. क. २. एक अगदी किरकोळ काम होतं, विसरत होतो. गणपतीतल्या पहिल्या आरतीचा मान अंतिम सामन्याच्या दिवशी ज्या घराचे गुण सर्वांत जास्त त्या घराला मिळतो. आमच्या घराची टीम सुजयसकट दिलेली असणारच, शब्द म्हणजे शब्द. पण मंडळाच्या नियमात बाहेरगावच्या सभासदांना तारेने टीम पाठवता येते, आणि तू गेल्या वर्षी इथे आली होतीस तेव्हा मी तुला सभासद करून ठेवलं होतं. तेव्हा शनिवारी दुपारी एसटीडी बूथवरून तुला फोन करीन, हवा काय म्हणतेय ते सांगीन (व्हरांड्यातून नकाशा दिसतो, आवाज तेवढा येत नाही), आणि पाच नावं सांगीन. ती तू तुझ्या नावावर हणमंतरावांना तार करायची. पाऊस असेल तर त्यांत सुजय नसेल, हे मनात धरून ठेव. तू जिंकलीस तरी तू सांगलीत. आरतीचं ताट तुझ्या वतीने कोणी तरी धरायला हवंच. वासंतीबाईंना यातलं काही कळू देऊ नकोस. पाकीट चिकटवायला हिच्याकडे देतो आहे, ही दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही.

वन्संना चंद्रप्रभाचा नमस्कार. वाचलं. ह्यांचा शनिवारी फोन आला की नावं लिहून घ्या, हो हो म्हणा, तार मात्र करू नका. जानकीपुरमहून श्रीपादरावांचंही तुम्हाला पत्र येईल, त्यांनी हेच काम सांगितलं आहे, नावंसुद्धा बहुतेक तीच असतील, पावसात सुजयशिवायची. वासंतीबाईंना ते टेबलावर सापडलं. त्यांनाही हो म्हणा.

रविवारी त्या मंडळींना येता आलं नाही ते त्यांच्याकडे संध्याकाळी पाऊस झाला आणि दारात पाणी साठलं म्हणून. फोनवर आमचं सगळं बोलणं झालं आहे. ह्यांना अंतिम सामन्यापर्यंत सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं, आणि देविकालाही ते ठाऊक आहे; हिंदीची कल्पना तिची. या तीन दिवसांत ह्यांनी स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त केला आणि रोज न सांगता भाजी आणतात, म्हणून तुम्हीही कळवू नका.

आणि ह्यांनी लिहिलं आहे ना, दगडासारखे बसून होते, तसं काही नाही. सुजयने पहिला गोल केला तेव्हा अख्ख्या मैदानात पहिले उठले ते हे. छत्री फेकून उठले, आणि पुढे उभ्या असलेल्या कोणा अनोळखी माणसाचा हात धरून सांगत होते, हमारा है, हमारे घर का लड़का है. तिन्ही गोलांना तेच. स्वतःचे गुण जातायत याचं भान नव्हतं, आणि अजूनही ह्यांना त्यातलं काही आठवत नाही. वासंतीबाई शेजारीच होत्या. संध्याकाळी फोनवर पहिलं वाक्य त्या हेच बोलल्या की मी सगळं बघितलंय, तुम्ही दसऱ्याचा मुहूर्त बघायला सांगा.